शाहीर अमर शेख : कामगारवस्तीचा आवाज

(जयपूर येथील गोपालपुरा भागात मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९६९ साली अवघ्या अकरा आठवड्यांच्या आत महाराष्ट्राने तीन माणसे गमावली. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले आणि २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिघेही एकाच व्यासपीठावर उभे होते. अत्र्यांची लेखणी ग्रंथांत आणि वृत्तपत्रांच्या संचिकांत सुरक्षित राहिली. अण्णाभाऊंच्या कथा-कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि त्यांचे नाव आज खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. अमर शेख यांचे मुख्य धन मात्र त्यांच्या गळ्यात होते आणि गळ्यातील धन माणसाबरोबर जाते. म्हणूनच या तिघांत नव्या पिढीला सर्वांत कमी ठाऊक असलेला माणूस तो आहे. त्याचे जीवन काय होते आणि ते आज का समजून घेतले पाहिजे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

महाराष्ट्रापासून इतक्या दूर, राजस्थानच्या राजधानीत, मराठी शाहिराची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या भूमीतच आहे. मेवाडात चित्तोड, घोसुंडा, निंबाहेडा या भागांत तुर्रा-कलंगीचे ख्याल होतात. परंपरा सांगते की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर या दोघांच्या सवाल-जवाबातून ही कला जन्मली; एकाने शिवाची बाजू घेतली, दुसऱ्याने शक्तीची. महाराष्ट्रातील शाहिरांचे कलगी आणि तुरा हे दोन पक्ष याच घराण्यातले आहेत. तिकडे डफ वाजतो, इकडे चंग वाजतो. ‘शाहीर’ हा शब्दच मुळी अरबी ‘शाइर’पासून आलेला आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात ज्यांच्या लावण्या गाजल्या, ते सगनभाऊ जातीने शिकलगार आणि धर्माने मुसलमान होते. तात्पर्य, हिंदू गोसावी आणि मुसलमान फकीर यांनी एकाच फडावर उभे राहून ज्या कलेला आकार दिला, त्या कलेचा विसाव्या शतकातील एक थोर वारस म्हणजे अमर शेख.

बार्शीचा मेहबूब

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव मुनेरबी. लोकगीतांचा पहिला संस्कार त्यांच्यावर झाला तो आईच्या गळ्यातून. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. मराठी मुलखातील गरीब मुसलमान घरांत दळणकांडणाची भाषा मराठीच होती. ओवी ही कोणा एका धर्माची मालमत्ता नव्हती. ती जाते ओढणाऱ्या बाईची होती. मेहबूबच्या मराठीचे मूळ शाळेतील पुस्तकांपेक्षा या श्रमाच्या गाण्यात शोधले पाहिजे.

बार्शी हे दुष्काळी पट्ट्यातले, पण धान्याच्या व्यापाराने आणि कापडगिरण्यांनी गजबजलेले गाव. जवळच सोलापूर हे गिरण्यांचे मोठे केंद्र. गरिबाच्या मुलाचे शिक्षण जेथे थांबते तेथे मेहबूबचेही थांबले आणि त्याला पोटासाठी मिळेल ते काम करावे लागले. काही काळ तो मोटारगाडीवर क्लीनर होता, काही काळ गिरणीत कामगार होता. पुढे ज्याच्या पोवाड्यांना हजारो कामगार जमू लागले, त्याने कामगारांचे जिणे पुस्तकातून अभ्यासले नव्हते. भोंग्याच्या हाकेने उठणे, पाळी भरणे आणि महिनाअखेरीस वाण्याची उधारी फेडणे हे सारे त्याच्या अंगावरून गेलेले होते.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरच्या जनतेने इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला आणि सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. त्या वेळी मेहबूब चौदा वर्षांचा होता. लिंगायत, मुसलमान, मराठा आणि मारवाडी अशा चार घरांतील जी चार माणसे एकाच दिवशी फासावर गेली, ती ज्या जिल्ह्याची होती त्या जिल्ह्यातला हा मुलगा. स्वातंत्र्याच्या आंदोलनात तो ओढला गेला यात नवल नाही.

पुढे गिरणी कामगारांच्या संपात त्याने पुढाकार घेतला आणि त्याला तुरुंगवास घडला. विसापूरच्या तुरुंगात त्याची कॉ. रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी भेट झाली. त्या भेटीत जो विचार मिळाला, त्यातून मेहबूब कम्युनिस्ट झाला. ज्या पिढीला विद्यापीठाची पायरी चढता आली नाही, तिच्यातील अनेकांना तुरुंगानेच विद्यापीठ दिले. आपल्या उपासमारीला कारण आपले नशीब नसून समाजाची रचना आहे, हे एकदा उमगल्यावर माणसाच्या गाण्याचा सूरही बदलतो. तोवर त्याच्या गळ्यात आईची ओवी होती. आता तिला प्रश्न विचारण्याचे बळ आले.

कोल्हापूर : नाव मिळाले, मार्ग बदलला

तुरुंगातून सुटल्यावर पोटाचा प्रश्न होताच. कोल्हापूर तेव्हा मराठी चित्रपटांची राजधानी होती. मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्याने काम केले. ‘अमर शेख’ हे नाव त्याला तेथेच लाभले. अंगाने धिप्पाड, नाकीडोळी ठसठशीत, आवाज बुलंद. अशा तरुणाला चित्रपटसृष्टीत स्थान मिळविणे अशक्य नव्हते. तो काळ बोलपटाच्या भरभराटीचा होता आणि गाता गळा असलेल्या नटाला मोल होते.

तरीही अमर शेख त्या वाटेने गेले नाहीत. मुंबईच्या कामगार चळवळीची ओढ त्यांना अधिक होती. हा त्याग होता असे म्हणून हात जोडणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. स्टुडिओतल्या गायकाला श्रोता दिसत नाही. गिरणीच्या दारात गाणाऱ्या शाहिराला समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळते की आपला शब्द पोहोचला की नाही. ज्याचे गाणे अशा प्रतिसादावर पोसलेले असते, त्याला बंद खोलीतील यंत्रापुढे गाणे हेच परके वाटते. अमर शेख यांनी श्रोता निवडला आणि त्या निवडीतून त्यांचे सारे पुढील जीवन ठरले.

लाल बावटा कलापथक

१९४३ च्या मे महिन्यात मुंबईत कम्युनिस्ट पक्षाचे पहिले अधिवेशन भरले आणि त्याच सुमारास, २५ मे रोजी, भारतीय जन नाट्य संघाची म्हणजे ‘इप्टा’ची स्थापना झाली. बंगालच्या दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, युरोपात फॅसिझमशी निकराचे युद्ध चालू होते, आणि देशातील लेखक-कलावंतांपुढे प्रश्न होता की आपली कला कोणासाठी? या मंथनातून १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन खांब.

या तिघांची सामाजिक पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. अण्णाभाऊ वाटेगावच्या मातंग वस्तीतून पायी चालत मुंबईला आलेले. अमर शेख बार्शीचे मुसलमान गिरणी कामगार. गव्हाणकर सुशिक्षित आणि संघटनेत मुरलेले. जुन्या समाजरचनेत हे तिघे एका पंगतीला बसले नसते. चळवळीने त्यांना एका फडावर आणले आणि त्यांच्या मिलाफातून जे निर्माण झाले, ते एकट्याच्या हातून झाले नसते.

त्यांनी नवे काय केले? तमाशा हा लोकांचा आवडता प्रकार, पण सुशिक्षितांच्या दृष्टीने बदनाम. त्याची चौकट ठरलेली : आधी गणपतीचे स्तवन करणारा गण, मग कृष्ण आणि गवळणींची गौळण, त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग. लाल बावट्याच्या मंडळींनी ही चौकट मोडून टाकली नाही. तिच्यातला आशय बदलला. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि तिच्यासाठी खपणाऱ्यांना वंदन आले. स्त्रीला थट्टेचा विषय करणारी गौळण गळाली. राजाच्या जागी वगात सावकार, साठेबाज, निवडणुकीला उभा राहिलेला शेटजी आणि दौऱ्यावर निघालेला मंत्री आले. अण्णाभाऊंचे ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ हे वग याच काळातले. लोक पोट धरून हसत आणि हसता हसता आपल्या शोषणाचा हिशेब समजून घेत.

ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्या माणसापर्यंत राजकीय विचार कसा न्यावा, हा त्या वेळी चळवळीपुढील अत्यंत व्यावहारिक प्रश्न होता. पत्रक त्याला वाचता येत नसे. नेत्याचे भाषण अनेकदा डोक्यावरून जाई. पोवाड्याची रचना मात्र शतकानुशतके याच कामासाठी घडलेली. मुख्य शाहीर डफावर थाप मारून कडवे उचलतो, मधेच थांबून गद्यात प्रसंग समजावतो, पुन्हा सुरात शिरतो. झीलकरी ‘जी जी’ करून ओळीचा शेवट धरून ठेवतात आणि तुणतुणे व झांज लय सांभाळतात. महत्त्वाची ओळ अशी दोनदा-तीनदा कानी पडते आणि लक्षात राहते. श्रोता घरी जातो तो ती ओळ गुणगुणत. अमर शेख यांच्या आवाजाची ताकद येथे उपयोगी पडली. कामगार मैदानावर हजारोंच्या जमावाला शांत करणे आणि पुढच्याच क्षणी पेटविणे, या दोन्ही गोष्टी त्या आवाजाला साधत.

सत्ताधाऱ्यांनी या आवाजाची दखल आपल्या परीने घेतली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशावर बंदी आली तेव्हा त्याच आशयाने ‘लोकनाट्य’ हे नाव धारण केले आणि पुढे ते नाव साऱ्या महाराष्ट्राने स्वीकारले. बंदीच्या काळातही गाणी कानोकानी फिरत राहिली. गाणे जप्त करता येईल असा कायदा कोणत्याही सरकारला करता आलेला नाही. १९५१ साली अमर शेख यांच्या गीतांचा ‘अमरगीत’ हा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी त्यांचे ‘पहिला बळी’ हे नाटकही आले.

संयुक्त महाराष्ट्राचा शाहीर

अमर शेख यांच्या कारकिर्दीचे शिखर म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निदर्शकांवर गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत पुन्हा रक्त सांडले. या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले आणि त्यांतील बहुसंख्य कष्टकरी होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी परस्परांशी भांडणारे पक्ष तीत एकत्र आले.

या लढ्यात शाहिरांनी जे काम केले, त्याला तोड नाही. अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील अशा शाहिरांनी महाराष्ट्र पिंजून काढला. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड याच लढ्याची निर्मिती. वरवर पाहता ती विरहाची रचना आहे : मुंबईला पोटासाठी आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. पण त्या विरहातून कवी हळूच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या तुटलेल्या मुलखाकडे वळतो. प्रांतरचनेसारखा रुक्ष प्रश्न घराघरातल्या ताटातुटीशी जोडला गेला आणि कोकणातून, घाटावरून मुंबईत आलेल्या प्रत्येक चाकरमान्याला तो आपला वाटला. कलापथकाच्या गळ्यातून ही छक्कड सभासभांतून गाजली.

आणखी एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. अमर शेख यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि गायला. मुसलमान घरात जन्मलेला शाहीर शिवरायांचे गुणगान करतो आणि समोर बसलेला मराठा शेतकरी, दलित मजूर, कोष्टी, माळी तल्लीन होऊन ऐकतो, हे दृश्य त्या काळी महाराष्ट्राला अनोखे वाटले नाही. १८६९ साली महात्मा फुले यांनी शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध केला आणि त्यात रयतेचा राजा उभा केला. बरोबर शंभर वर्षांनी, १९६९ साली, अमर शेख गेले. या शतकाच्या दोन टोकांना जोडणारा धागा एकच आहे : इतिहास हा दरबाराचा नसून शेतात राबणाऱ्यांचा आहे ही दृष्टी. शिवरायांचे नाव घेऊन शेजाऱ्याविरुद्ध विष कालवण्याचे प्रयत्न जेव्हा जेव्हा होतात, तेव्हा या पोवाड्याची आठवण उपयोगी पडणारी आहे.

१ मे १९६० रोजी, म्हणजे कामगार दिनीच, महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई मिळाली, बेळगाव, कारवार मिळाले नाहीत. शाहिराचे काम अर्धे सफल झाले, अर्धे राहिले. गोवामुक्तीच्या आंदोलनातही त्यांचा डफ वाजला होता आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

पडद्यावरचा अमर शेख

अभिनेते म्हणून अमर शेख यांनी थोडेच काम केले, पण ते दुर्लक्षण्यासारखे नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ (१९५४) या चित्रपटात त्यांचा सहभाग होता. या चित्रपटाला मराठीतील उत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. ‘झगडा’ या नाटकातही त्यांनी भूमिका केली.

त्यांची सर्वांत लक्षणीय भूमिका ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटातली. ग. दि. माडगूळकर यांची कथा, मधुकर पाठक यांचे दिग्दर्शन आणि सोबत सुलोचनाबाई व श्रीकांत मोघे. कथा एका गरीब कुंभाराच्या संसाराची आहे. पोरांचे लेंढार, कर्जाचा डोंगर आणि हातातील कलेला मोल न देणारा बाजार यांच्या कात्रीत सापडलेला कुंभार अखेर जीव देतो आणि धाकटा भाऊ त्या संसाराचा भार उचलतो. ही भूमिका करण्यासाठी अमर शेख यांना दारिद्र्याचा अभ्यास करावा लागला नाही. नेहमी मैदान गाजविणारा हा माणूस येथे खांदे पाडून, आवाज खाली घेऊन, गप्प बसून बोलतो. मोठा आवाज असलेल्या कलावंताला गप्प राहणे सर्वांत कठीण असते. ते त्यांनी साधले.

यात एक विपर्यासही आहे. या चित्रपटातील कुंभाराच्या चाकावरचे जे गीत घरोघरी पोहोचले, ते सुधीर फडके यांच्या आवाजात आहे. फडके यांच्या गायनाचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे आणि पार्श्वगायन ही चित्रपटाची रूढ पद्धत आहे, त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या ध्वनिफितीवर या शाहिराच्या चित्रपटाचे जे गाणे राहिले, त्यात शाहिराचा आवाज नाही, ही वस्तुस्थिती बोलकी आहे.

दोन गायक, दोन वाटा

या वस्तुस्थितीचा अर्थ समजण्यासाठी युरोपातील एका समकालीन कलावंताशी तुलना करून पाहणे उपयुक्त ठरेल. ईव्ह मोंताँ हा फ्रान्सचा विख्यात गायक आणि नट. त्याचे मूळ नाव इव्हो लिव्ही. १३ ऑक्टोबर १९२१ रोजी तो इटलीत जन्मला. त्याचे वडील डाव्या विचारांचे; फॅसिस्टांच्या छळामुळे हे कुटुंब देश सोडून फ्रान्समध्ये मार्सेय येथे आले. पोरवयातच इव्होला कारखान्यात काम करावे लागले. बहिणीच्या केशकर्तनालयातही तो राबला. १९४४ साली पॅरिसमध्ये एदिथ पियाफ या थोर गायिकेने त्याचे गुण ओळखले आणि त्याचे भाग्य उघडले. १९५३ च्या ‘द वेजेस ऑफ फिअर’ या चित्रपटाने तो जगभर नट म्हणून गाजला. तो कम्युनिस्टांचा सहप्रवासी होता. १९५० च्या अण्वस्त्रविरोधी स्टॉकहोम आवाहनावर त्याने सही केली होती.

येथवर दोघांच्या जीवनात केवढे साम्य आहे! दोघेही श्रमिकांच्या घरचे, दोघांनीही नाव बदलले, दोघांनाही गळा आणि देखणे व्यक्तिमत्त्व लाभले, दोघेही डाव्या चळवळीकडे ओढले गेले. पुढे वाटा फुटल्या. १९५६ साली हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले. मोंताँने फ्रान्समधील टीका सोसून सोव्हिएत संघाचा ठरलेला दौरा पार पाडला, परंतु त्याच्या मनात शंका शिरली. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात पुन्हा तेच घडले आणि ती शंका दुराव्यात बदलली. १९६९ साली ग्रीसमधील हुकूमशाहीविरुद्धचा ‘झेड’ हा चित्रपट त्याने केला आणि १९७० साली प्रागमधील खोट्या खटल्यांवरचा ‘द कन्फेशन’. पुढे तो कम्युनिस्टांचा कडवा टीकाकार बनला आणि ९ नोव्हेंबर १९९१ रोजी निधन पावला.

मोंताँला केवळ ‘फितूर’ म्हणून बाजूला सारणे हा उथळपणा ठरेल. त्या खटल्यांत निरपराध कम्युनिस्टांनाच फाशी दिले गेले, हे सत्य आहे आणि सत्य सांगणाऱ्या कलावंतावर रागावून ते खोटे ठरत नाही. त्याचबरोबर, आयुष्याच्या उत्तरार्धात बाजाराच्या अर्थशास्त्राची भलामण करण्यापर्यंत तो गेला, तेव्हा मार्सेयच्या कारखान्यातील मुलापासून तो फार दूर गेला होता, हेही तितकेच खरे.

पण तुलनेचा मुख्य मुद्दा वेगळा आहे. मोंताँच्या मागे रंगगृहे होती, ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या होत्या, चित्रपटउद्योग होता. त्याचे गाणे तबकडीवर कोरले गेले आणि लाखो घरांत शिरले. मतभेद झाला तेव्हा स्वतंत्रपणे उभे राहण्याइतकी पायाखालची जमीन त्याला होती. अमर शेख यांच्यामागे होती ती केवळ चळवळ. तिने त्यांना विचार दिला, श्रोता दिला, सन्मान दिला. परंतु त्यांच्या कलेचे जतन करण्याची यंत्रणा दिली नाही. याचे कारण दारिद्र्य होते, सततची दडपशाही होती, हे मान्य केले पाहिजे. पण एवढेच कारण होते काय? अनेक सभांत शाहिराला आधी गर्दी जमविण्यासाठी उभे केले जाई आणि ‘खरे’ राजकारण नेत्याच्या भाषणापासून सुरू होते असे मानले जाई. कला ही चळवळीची घोषणा देणारी दासी आहे, अशी समजूत जेथे असते, तेथे गाणे संपले की त्याची आठवण ठेवण्याची गरज कोणाला भासत नाही. ही समजूत चुकीची होती.

कवी आणि अखेरची वर्षे

अमर शेख केवळ दुसऱ्यांची गीते गाणारे नव्हते. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिके त्यांनी चालविली. या दुसऱ्या नावातच त्यांची हिंदुस्तानी जनतेशी असलेली नाळ दिसते. आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. रशियन क्रांतीचा तो कवीही चौकाचौकांत आपली कविता मोठ्याने म्हणत असे. ही तुलना गौरवाची असली तरी तिच्यात एक उणीव राहते. मायकोव्हस्कीने जुन्या काव्यपरंपरेविरुद्ध बंड केले. अमर शेख यांनी ओवी, लावणी आणि पोवाड्याच्या जुन्या परंपरेलाच नव्या लढाईत उभे केले. छापील पानावर वाचताना त्यांच्या ओळी कधी लांबट, कधी ओबडधोबड वाटतात. कारण त्या डोळ्यांसाठी लिहिलेल्या नाहीत. डफाच्या थापेवर त्या म्हणून पाहिल्या की त्यांची बांधणी कळते.

१९६२ चे चीनशी युद्ध आणि १९६५ चे पाकिस्तानशी युद्ध या दोन्ही प्रसंगी त्यांनी जवानांसाठी कार्यक्रम करून निधी गोळा केला. १९६२ नंतर कम्युनिस्ट चळवळीतील मतभेद विकोपाला गेले आणि १९६४ साली पक्ष दुभंगला. ज्या कामगारवस्तीने एका डफाभोवती बसून गाणी ऐकली होती, तिच्यातही फळ्या पडल्या.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात अमर शेख यांचा मृत्यू झाला. वय त्रेपन्नही पुरे झालेले नव्हते. ज्या सोलापूर मुलखातून तो आवाज उठला, त्याच्याच वाटेवर तो थांबला. मुलगी मल्लिका तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे ती मराठीतील महत्त्वाची कवयित्री झाली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या मल्लिका अमर शेख यांच्या आत्मचरित्रात वडिलांच्या सावलीतले बालपण आहे आणि ती सावली हरपल्यानंतरचे उन्हाचे चटकेही आहेत. चळवळीतील पुरुषांनी आपल्या घरातील स्त्रियांशी कसे वागावे, याविषयी तिने विचारलेले प्रश्न अजूनही उत्तराची वाट पाहत आहेत.

आज काय करायचे?

अमर शेख यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. ज्या मैदानांत, ज्या चाळींच्या अंगणांत शाहिराचा डफ वाजत होता, ती जागाच उरली नाही. शाहिरी मागे पडली ती लोकांची आवड बदलली म्हणून, असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. एकत्र राबणारा, एकत्र राहणारा आणि संध्याकाळी एकत्र बसणारा श्रोतृवर्गच उधळून लावला गेला, हे त्याचे मूळ कारण आहे.

पण कष्टकरी संपलेला नाही. तो विखुरला आहे. गोपालपुऱ्याच्या रस्त्याने दुतर्फा शिकवणी वर्गांच्या पाट्या दिसतात. दूरदूरच्या गावांतून आलेली मुले खोल्या भाड्याने घेऊन येथे स्पर्धापरीक्षांची तयारी करतात. त्यांचे आईबाप कर्ज काढून पैसे पाठवतात. त्यांच्यासाठी इमारती बांधणारे मजूर, डबे पोहोचविणारी पोरे आणि खोल्या झाडणाऱ्या बायका याच भागात राबतात. घर सोडून पोटासाठी परमुलखात आलेल्या माणसाची जी व्यथा सत्तर वर्षांपूर्वी परळ-लालबागच्या शाहिराने गायली, ती व्यथा येथे आहे. तिला अजून शाहीर मिळालेला नाही, एवढेच.

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाने अध्यासन आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु लोकांच्या कलावंताचे जतन केवळ विद्यापीठावर सोपवून चालणार नाही. ज्यांनी त्यांना ऐकले, अशी माणसे आता थोडी उरली आहेत आणि ती वार्धक्यात आहेत. त्यांच्या तोंडी असलेली गाणी चालींसह ध्वनिमुद्रित केली पाहिजेत. सभेच्या पत्रकांत ज्यांची नावे कधी छापली गेली नाहीत, त्या झीलकऱ्यांची, ढोलकीवाल्यांची आणि तुणतुणेवाल्यांची नावेही नोंदवून ठेवली पाहिजेत. कारण शाहिराचा आवाज जेथे थांबतो, तेथे ओळ उचलून धरणारे तेच होते. आणि राजस्थानात राहणाऱ्या मराठी माणसांनी येथील तुर्रा-कलंगीच्या कलावंतांना एकदा आपल्या व्यासपीठावर बोलवावे. गोसावी आणि फकीर यांनी मिळून सुरू केलेला तो सवाल-जवाब आज पुन्हा एकत्र बसून ऐकण्याची गरज आहे.

बार्शीच्या एका गिरणी कामगाराने आपला गळा समाजाच्या स्वाधीन केला. त्या गळ्यातून निघालेले जेवढे वाचविता येईल तेवढे वाचविणे, हे ऋण फेडण्याचे पहिले पाऊल होय. दुसरे पाऊल अर्थातच नव्या गाण्याचे असेल.